सात-बारा बदलला

आप्पासाहेबांच्या जमिनीला आजवर कोणी बोट लावू शकलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. लोणी काळभोरला हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांची साडेचार एकर. तिच्यासाठी बिल्डर आले, बिल्डरांचे एजंट आले, चुलतभाऊ बांध कोरत कोरत आला, एकदा तर कॉलेज काढतो म्हणून कुठल्याशा संस्थेची मंडळी हार-नारळ घेऊन आली. आप्पासाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि रस्ता दाखवला. "चाळीस वर्षांत न वाचता एका कागदावर सही केली न्हाई," असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवत. ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सांगत.

असा माणूस जमीन सोडून खराडीतल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर राहायला आला तो केवळ डोळ्यांपायी. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू शुक्रवारी काढला होता, डाव्याचा पुढच्या महिन्यात काढायचा होता. उजव्यावर पट्टी, डाव्यात धुकं आणि दोन्हींवर मिळून एक काळा चष्मा. आठ दिवस वाचायचं नाही, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेतकऱ्याला एवढं सगळं बंद केल्यावर उरतं काय, तर पलंगावर पडून ऐकणं. त्यांची एकुलती एक मुलगी ऋतुजा खराडीत राहायची, दवाखाना तिथून जवळ होता, म्हणून मुक्काम तिच्याकडे. त्यांची बायको सोजरबाई गुरांसाठी लोणीतच थांबल्या होत्या.

जावई पृथ्वीराज मूळचा कसबा पेठेतला, आता कंप्युटरच्या नोकरीत. स्थळ आलं तेव्हा आप्पासाहेबांना पगारापेक्षा नाव आवडलं होतं. पृथ्वीराज! नावातच जमीन होती. आणि मुलगा निघालाही गुणी. दिवसातून चार वेळा तो पट्टी उचलून सासऱ्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायचा, रोज सकाळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचून दाखवायचा. शनिवारी आप्पासाहेबांनी फोनवर सोजरबाईंना सांगितलं, की आपल्याला जावई नव्हे, मुलगाच मिळाला. हे सुख बरोबर एक दिवस टिकलं.

आता पृथ्वीराजचं गुपित सांगायला हवं, म्हणजे पुढचा घोटाळा नीट कळेल. लहानपणी टीव्हीला जोडून जे जुने गेम खेळायचे, ते खेळायचं यंत्र तो घरच्या घरी बनवत होता. तळहाताएवढा एक संगणक, त्याच्या कडेला ओळीने चाळीस पिना, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून बसवलेली लाल-निळी गोल बटणं. पडद्यावरची खोटी बटणं त्याला चालणार नव्हती, दाबल्यावर टक् असा आवाज आलाच पाहिजे, हा हट्ट. प्रत्येक बटणातून दोन वायरी निघतात. एक जाते आपल्या नंबरच्या पिनेला, दुसरी जाते 'ग्राउंड' नावाच्या पिनेला. बटण दाबलं की दोन्ही जुळतात आणि संगणकाला कळतं की कोणीतरी बोट लावलंय. मग काय करायचं ते स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं. स्क्रिप्ट म्हणजे चार ओळींचा हुकूमनामा: सात नंबरचं दाबलं तर माणसाने उडी मारायची, बारा नंबरचं दाबलं तर गोळी झाडायची.

ऋतुजाने नवऱ्याला सक्त ताकीद दिली होती. तेहतिसाव्या वर्षी जावई व्हिडिओ गेम खेळतो हे आप्पांना कळलं, तर ते मला परत लोणीला घेऊन जातील, आप्पा असेपर्यंत तो डबा हॉलमध्ये दिसता कामा नये. म्हणून पृथ्वीराजने सगळा पसारा आतल्या छोट्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. त्या खोलीच्या आणि आप्पासाहेबांच्या पलंगाच्या मध्ये जी भिंत होती ती बिल्डरने बांधलेली होती, म्हणजे पलीकडे कोणी जांभई दिली तर अलीकडे ऐकू यायची.

रविवारी दुपारी आप्पासाहेब जेवून आडवे झाले होते. पलीकडे पृथ्वीराज फोनवर बोलत होता. त्याचा ऑफिसातला मित्र प्रज्ञेश असल्या उद्योगांतला गुरू होता. डब्यात काहीतरी उलटसुलट लागलं होतं. पहिल्या खेळाडूने उडीचं बटण दाबलं की गोळी सुटत होती, आणि तीही दुसऱ्याच्या माणसाकडून. सात आणि बारा या दोन पिनांचा हा गोंधळ, आणि त्या जोडीला हे दोघे पुणेकर गंमत म्हणून काय म्हणत असतील, ते सांगायला नको.

"अरे, सात-बारा उलटा झालाय," पृथ्वीराज म्हणाला. "मी माझ्या नावावर केला होता, पण दाखवतोय दुसऱ्याच्याच नावावर."

आप्पासाहेबांची झोप उडाली.

"नाही नाही, ग्राउंडचा प्रश्नच नाही. ग्राउंड मी सगळं कॉमन करून टाकलंय. वेगवेगळं ठेवायचं कशाला?" मग तिकडून प्रज्ञेश बहुधा काही विचारत असावा. "छे, आप्पांना काही पत्ता नाही. एकदा आप्पा गेले की मग काय, सगळं उघड. तोवर गुपचूप."

सात-बारा म्हणजे शेतकऱ्याचा जीव, आणि तो आप्पासाहेबांनी चाळीस वर्षं सांभाळला होता बिल्डरांपासून, भाऊबंदांपासून, पुढाऱ्यांपासून. जावयापासून सांभाळायचा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. कॉमन म्हणजे सामाईक, एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. सामाईक या एका शब्दापायी लोणीतल्या निम्म्या घरांचे दावे कोर्टात कुजत पडले होते. आणि एकदा आप्पा गेले की? डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस असा कुठे जातो?

मग त्यांना एकदम गेल्या महिन्यातली गोष्ट आठवली आणि ते उठूनच बसले. मोबाईलवर पिकाची नोंद करायची होती, ते काम पृथ्वीराजनेच करून दिलं होतं. "ओटीपी सांगा, आप्पा," तो म्हणाला होता, आणि आप्पासाहेबांनी सहाच्या सहा आकडे खणखणीत आवाजात सांगितले होते. वर "अजून लागला तर सांगा," असंही म्हणाले होते. घराची किल्ली आपणच चोराच्या हातात दिली आणि वर जेवूनही जा म्हणालो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून वास आला. पृथ्वीराज वायरींना डाख देत होता. तापलेल्या कथलाबरोबर राळ जळते, तिचा तो वास. पण आप्पासाहेबांनी तरुणपणी कचेरीत लाखेचे शिक्के मारताना पाहिले होते आणि तो वास त्यांच्या नाकात बसला होता. लाख वितळवतायत! पाठोपाठ आवाज सुरू झाला. टक्. टक्. टक्-टक्. कचेरीतला कारकून कागदामागून कागदावर शिक्का मारतो तसा, न थांबता.

"हळू हो," ही ऋतुजा. "आप्पांना ऐकू जाईल." आणि जराशाने, हसून, "एकदा मी दाबू?"

टक्.

जमीन जाते याची भीती एक वेळ सोसता आली असती. पण पोटच्या पोरीने आपल्या हाताने शिक्का मारावा, याने आप्पासाहेबांच्या काळजाचं पाणी झालं. हिला त्यांनी खांद्यावर बसवून उसात नेली होती. शिकवली, नोकरीला पाठवली, चुलत्यांनी नाकं मुरडली तरी पाठवली. ते काळ्या चष्म्याआड डोळे मिटून पडून राहिले आणि ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी येऊ द्यायचं नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं आठवून रडूही शकले नाहीत.

पाच वाजता पृथ्वीराज थेंब घालायला आला. "वर बघा, आप्पा," तो नेहमीसारखा म्हणाला. आप्पासाहेबांनी डोळा घट्ट मिटला. ज्याच्या बोटांना नुकताच लाखेचा वास आलेला, तोच माणूस बाटली घेऊन डोळ्यावर ओणवा झालेला! यात काय आहे, असं त्यांनी विचारलं. औषध, पृथ्वीराज म्हणाला. कालचंच का, त्यांनी विचारलं. कालचंच. मग आधी तुमच्या डोळ्यात घाला, असं म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. शेवटी तीन थेंब गालावरून मिशीत गेले तेव्हा कुठे एक डोळ्यात गेला.

जावई बाहेर गेल्याबरोबर त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि सोजरबाईंना फोन लावला. कागदांचा डबा जागेवर आहे का बघ, असं हलक्या आवाजात सांगितलं.

"हाय की. त्याच्यावर कोंबडी बसलीय."

"कोंबडी उठव आन् उघडून बघ."

"किल्ली तुमच्या करदोड्याला हाय," सोजरबाई म्हणाल्या. "मी काय दातानं उघडू?"

आप्पासाहेबांनी करदोडा चाचपला. किल्ली होती. पण त्याने धीर येण्याऐवजी भीती वाढलीच. आता चोऱ्या कुलूप फोडून होत नाहीत. आता डबा जागेवर राहतो, किल्ली कमरेला राहते, वर कोंबडी राखण करते आणि आतली जमीन वायरीतून निघून जाते.

हडपसरचे रणजित वकील त्यांच्या जुन्या ओळखीचे. सोमवारी पृथ्वीराज ऑफिसला गेल्यावर आप्पासाहेबांनी त्यांना सोसायटीच्या बागेत बोलावून घेतलं. ऋतुजा घरूनच काम करायची. उन्हाला बसतो जरा, असं तिला सांगून, तोंडाला तिनेच बांधलेला मास्क, डोळ्यांना काळा चष्मा आणि हातात काठी अशा थाटात ते खाली उतरले. वॉचमनने त्यांना दोनदा हटकलं. शेवटी मुलांच्या घसरगुंडीजवळच्या बाकावर वकील भेटले.

वकिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की जमीन पुढेमागे मुलीचीच होणार ना?

"पुढंमागं," आप्पासाहेब म्हणाले. "आज न्हाई."

मग जाहीर नोटीस द्यायचं ठरलं. वर्तमानपत्रात एकदा छापून आलं की जावयाबरोबर व्यवहार करायला कोणी धजणार नाही, आणि जावयालाही चाप बसेल. वकिलांकडे मसुदा तयारच असतो, गावाचं नाव आणि माणसांची नावं तेवढी भरायची. ते एकेक विचारत गेले आणि भरत गेले. सदर मिळकतीत आणखी कुणाचा हक्क? कुणाचा न्हाई, आबांच्या, म्हंजे वडलांच्या मागं मी एकटाच, आप्पासाहेबांनी ताडकन सांगितलं. सगळं झाल्यावर वकील घसा साफ करून म्हणाले, एकदा वाचून दाखवतो.

त्याच क्षणी वरून हाक आली. ऋतुजा अकराव्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून, थेंबांची वेळ झाली, असं ओरडत होती. तिने वकिलाला पाहिलं असेल का? ओळखलं असेल का? "वाचू नका," ते घाईघाईने म्हणाले, "सही कुठं ते सांगा." वकिलांनी कागद घसरगुंडीवर ठेवला, त्यांचा हात धरून जागा दाखवली आणि आप्पासाहेबांनी आयुष्यातली पहिली न वाचलेली सही ठोकली. कागद घसरत खाली जात होता, तो वकिलांनी गुडघ्याने अडवला.

मंगळवार फार वाईट गेला. पट्टी काढली, आणि उजव्या डोळ्याला जग असं लख्ख दिसायला लागलं की समोरच्या इमारतीवरची कबुतरंही मोजता यावीत. पण आप्पासाहेबांना त्यात गोडी वाटेना. जावई हसून बोलला की वाटे, हा इतका का हसतोय? जावई गप्प बसला की वाटे, हा गप्प का? ऋतुजाने त्यांच्यासाठी मुद्दाम शेंगोळे केले, तर पहिला घास घेताना त्यांचा हात थबकला, आणि तो थबकला याची त्यांनाच लाज वाटली.

बुधवारी सकाळी नोटीस छापून येणार होती. आप्पासाहेब पहाटेपासून आंघोळ करून, टोपी घालून हॉलमध्ये बसले होते. पेपर जावईच वाचून दाखवणार होता. म्हणजे त्या पानावर आल्यावर स्वतःची नोटीस तो स्वतःच्याच तोंडाने वाचणार. त्या वेळी त्याचा चेहरा कसा होईल, आणि मग तो काय करील, हे मनात आणत आप्पासाहेब हातातला चहा न पिताच फुंकत बसले होते. हे घर अकराव्या मजल्यावर आहे, हेही त्यांना उगाचच आठवत होतं.

पृथ्वीराज पेपर घेऊन आला, पण उघडला नाही.

"आप्पा, पेपर नंतर वाचू. आधी एक कबुली द्यायची आहे. सात-बाऱ्याची."

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. "म्हंजे तुम्हीच केलंय."

"मीच. ऋतुजाला बोलू नका, ती नकोच म्हणत होती. पण तुम्हाला आवाज येत असणार, वास येत असणार. लपवून ठेवणं मला बरं वाटेना."

"बदलला?"

"बदलला. आधी उलटा लागला होता, काल सरळ झाला. आता माझ्या नावावर झकास चालतोय."

"आन् माझं नाव?"

"तुमचंही टाकू की," पृथ्वीराज उत्साहाने म्हणाला. "दोन नंबरला."

चाळीस वर्षं एकट्याच्या नावावर असलेल्या मालकाला दोन नंबर! आप्पासाहेबांना राग यायला हवा होता, पण भीतीच एवढी दाटली होती की रागाला जागा उरली नव्हती. ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माझी जमीन कुठं हाय, पृथ्वीराजराव?"

"जमीन?" जावई क्षणभर गोंधळला आणि मग त्याचा चेहरा खुलला. "ग्राउंड म्हणताय होय! तुम्हाला तेही ठाऊक आहे? ते डब्यात कॉमन केलंय. थांबा, आणतोच."

तो आत गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून त्याने सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला. डब्यातून एक वायर टीव्हीला जोडली. "हा सात," तो एका लाल बटणावर बोट ठेवून म्हणाला, "आणि हा बारा. सात दाबा."

आप्पासाहेबांनी अंगठ्याने दाबलं. टक्. टीव्हीवर पिवळ्या टोपीचा एक बुटका माणूस टुणकन उडाला आणि खड्ड्यात पडला.

नव्या डोळ्याला ते सगळं स्वच्छ दिसलं. पृथ्वीराज पिना दाखवत होता, सात नंबरची, बारा नंबरची, त्यांची अदलाबदल कशी झाली आणि स्क्रिप्टमध्ये दोन आकडे फिरवून ती कशी निस्तरली ते सांगत होता. आप्पासाहेबांनी शांतपणे चारच प्रश्न विचारले. तो वास कसला होता? तो आवाज कसला? आप्पा गेल्यावर म्हणजे कुठं गेल्यावर? आणि गेल्या महिन्यातला तो ओटीपी? पिकाच्या नोंदीचा, जावई म्हणाला, का हो?

आप्पासाहेबांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की डब्यावरची धूळ उडाली. साडेचार एकर जागच्या जागी होती! पोरगी त्यांचीच होती! मग त्यांनी पुन्हा सात दाबला. बुटका उडाला. बारा दाबला, गोळी सुटली. पाऊण तास सासरे-जावई मांडीला मांडी लावून खेळत होते आणि दोन नंबरचे आप्पासाहेब एक नंबरच्या जावयाला "अहो, खड्डा! खड्डा बघा की!" असं ओरडून सांगत होते.

"चला, आता पेपर," पृथ्वीराज म्हणाला.

भीती गेली कुठेच नव्हती. ती फक्त दारामागे उभी राहून आपल्या पाळीची वाट बघत होती. मघाशी ते पान वाचून जावई काय करील याची भीती होती, आता ते वाचून त्याला काय वाटेल याची. त्याने ते वाचूच नये म्हणून आप्पासाहेबांनी कंबर कसली. त्यांनी मार्केट यार्डाचे भाव दोनदा वाचून घेतले, कांदा वेगळा, बटाटा वेगळा. हवामान वाचून घेतलं. ज्या राशीचं घरात कोणी नव्हतं त्या राशीचं भविष्यही वाचून घेतलं. पण पानं मोजकीच असतात. पृथ्वीराजने पान उलटायला बोटाला थुंकी लावली, तेव्हा आप्पासाहेबांनी नेम धरून चहाचा कप पेपरवर उपडा केला.

"असू दे, आप्पा," जावई म्हणाला, "मी मोबाईलवर वाचतो. तिथे अक्षरंही मोठी असतात."

त्याला मोबाईल उघडावा लागला नाही. आतून ऋतुजा आपला मोबाईल हातात धरून आली. लोणीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणीतरी नोटिशीचा फोटो टाकला होता, आणि त्याखाली आतापर्यंत सत्तावीस जणांनी हात जोडले होते. ती उभ्यानेच वाचायला लागली.

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, आमचे अशील यांचे मालकी वहिवाटीची मौजे लोणी काळभोर येथील शेतजमीन त्यांचे जावई पृथ्वीराज यांनी संगणकीय मार्गाने, बनावट शिक्क्यांचा वापर करून, परस्पर आपले नावे करण्याचा घाट घातला आहे. सबब त्यांचेशी कोणीही कसलाही व्यवहार करू नये."

पडद्यावरचा बुटका माणूस जागच्या जागी पाय आपटत हुकमाची वाट पाहत होता. पृथ्वीराजने मोबाईल हातात घेऊन नोटीस एकदा मनातल्या मनात वाचली.

"नाव मात्र बरोबर छापलंय," तो म्हणाला. "लग्नपत्रिकेत चुकलं होतं."

कसबा पेठेतला माणूस रागावला की असाच बोलतो, हे आप्पासाहेबांना एवढ्या वर्षांत कळलं होतं. बनावट शिक्क्यांचा, एवढे दोनच शब्द ऋतुजाने पुन्हा हळूच म्हटले आणि वडिलांकडे पाहिलं. ते बघणं नव्या डोळ्याला फार स्पष्ट दिसलं. आप्पासाहेबांनी टोपी काढली. माझं चुकलं पोरी, असं ते म्हणाले, आणि मग जावयाकडे वळून, पृथ्वीराजराव, तुमचंही. त्यांना तुमचीही माफी मागतो असं म्हणायचं होतं, पण वाक्य तिथेच संपलं. पृथ्वीराजला मात्र ते कळलं. तो म्हणाला, हरकत नाही, उद्या खुलासा छापू.

"हरकत तर आहे," ऋतुजा म्हणाली. "शेवटची ओळ ऐका. सदर मिळकतीत अन्य कोणाचा हक्क, हितसंबंध अथवा वारसा असल्यास त्यांनी पंधरा दिवसांचे आत कळवावे."

आप्पासाहेब ताठ झाले. ही ओळ कुणी घातली? त्यांनी तिथूनच वकिलांना फोन लावला. वकील म्हणाले, ती छापील मसुद्यात असतेच, सगळ्याच नोटिशींत असते, आणि मी वाचून दाखवत होतो, तुम्हीच नको म्हणालात.

फोन ठेवतात न ठेवतात तोच दाराची बेल वाजली. बायडाबाई आल्या होत्या. आप्पासाहेबांची ही धाकटी बहीण, थेऊरला दिलेली. दर भाऊबीजेला यायची, ओवाळायची, साडी घ्यायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची. तिने कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे आप्पासाहेब तिचं कौतुकही फार करत. आज मधल्याच दिवशी दोन बस बदलून ती खराडीला आली होती. पदराने घाम पुसत ती कोचाच्या कडेला बसली, ऋतुजाने दिलेलं पाणी तिने सावकाश पिऊन टाकलं आणि कनवटीची पेपरची घडी काढून मांडीवर ठेवली.

डोळा कसा आहे, तिने विचारलं. बरा आहे, आप्पासाहेब म्हणाले. जावयाचं काय हे, तिने विचारलं. गैरसमज झाला होता, मिटला, ते म्हणाले. बरं झालं मिटला, ती म्हणाली, पोरगा चांगला आहे.

"दादा, सुनेनं वाचून दावलं सकाळी," बायडाबाई म्हणाल्या. "कुणाचा हक्क असंल तर कळवा म्हनून छापलंयस. आबा गेल्यापासनं मला कुणी इचारलंच नव्हतं बघ. मी आपली वाट बघायची, आज इचारंल, उद्या इचारंल. तू पेपरातनं इचारलंस. म्हटलं, चिठ्ठी कशाला, जाऊनच सांगावं."

बिल्डर आला तर काय म्हणायचं, ते आप्पासाहेबांना पाठ होतं. चुलतभावासाठी उत्तर तयार होतं, संस्थेवाल्यांसाठी होतं, वेळ पडली असती तर जावयासाठीही होतं. बहिणीसाठी उत्तर करून ठेवावं, असं चाळीस वर्षांत त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं, तर ती आत्याच्या शेजारी जाऊन बसली होती. त्यांनी जावयाकडे पाहिलं, तर तो डब्यात डोकं घालून एक वायर उगाचच तपासत होता.

"किती?" त्यांनी शेवटी विचारलं.

"निम्मी," बायडाबाई म्हणाल्या. "जास्त नको मला."